जबडा येण्याआधीचा मेंदू

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चक्रमुखी प्राण्यांच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात. जबडा नाही, खवले नाहीत, जोडीने येणारे पर नाहीत, तोंड चोषणारं, उदाहरणं पेट्रोमायझॉन आणि मिक्झीन. विद्यार्थी त्या ओळी पाठ करतो आणि पुढच्या वर्गाकडे, म्हणजे माशांकडे वळतो. काय काय नाही याची ती यादी खरी आहे. पण जे आहे, त्यातलं सर्वांत मोलाचं काही त्या ओळींत येतच नाही. पेट्रोमायझॉनच्या, म्हणजे लॅम्प्रेच्या कूर्चेच्या कवटीत एक मेंदू आहे, आणि आपल्या मेंदूचे जवळजवळ सगळे मुख्य भाग त्यात आपापल्या जागी आहेत. हे पुस्तक या एका गोष्टीसाठी लिहिलं आहे.

ते कोणासाठी लिहिलं, हेही सांगायला हवं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली हजारो मुलं अकरावीला अचानक इंग्रजी पुस्तकांसमोर बसतात. उत्क्रांतीची जी थोडीफार समज आलेली असते ती तिथेच गोठते, आणि मेंदूचं प्रकरण आलं की नावांची जंत्री तेवढी हाती उरते. या मुलांना त्यांच्या भाषेत मेंदूचा सलग इतिहास वाचता यावा, आणि तो त्यांच्या नदीपासून, बाजारापासून सुरू व्हावा, अशी माझी फार इच्छा होती.

लॅम्प्रे आपल्याकडच्या नद्यांत नाही. तो थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांचा रहिवासी. दिसायला वांबेसारखा लांबुडका; पण वांबेला जबडा आहे, याला नाही. डोळ्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्यांची सात-सात छिद्रं. त्याची अळी नदीच्या गाळात वर्षानुवर्षं राहते, मग रूप पालटतं, आणि बऱ्याच जाती प्रौढपणी दुसऱ्या माशांना चिकटून त्यांचं रक्त आणि मांस खातात. त्याच्या आणि आपल्या वाटा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. म्हणून तो आपला पूर्वज नव्हे. आजचा लॅम्प्रे आपल्याइतकाच आजचा आहे. त्याच्या मागेही तेवढीच ५० कोटी वर्षं आहेत. मात्र जी गोष्ट त्याच्यातही सापडते आणि आपल्यातही सापडते, ती बहुधा दोघांच्या सामाईक पूर्वजाकडून आलेली असते. या पुस्तकातला बराचसा तर्क याच पायावर उभा आहे, म्हणून तो इथे नीट लक्षात ठेवावा.

लॅम्प्रेच्या चेतासंस्थेकडे वळलेल्यांमध्ये एक नाव वाचकाला चकित करील. व्हिएन्नात ब्र्यूके यांच्या प्रयोगशाळेत शिकत असताना तरुण सिग्मंड फ्रॉइड यांनी १८७७ च्या सुमारास लॅम्प्रेच्या अळीच्या मेरुरज्जूवर काम केलं होतं. मनाच्या तळाशी जाण्याआधी ते या प्राण्याच्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. पुढे शंभर वर्षांनी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत स्टेन ग्रिलनर यांनी याच प्राण्याला आपलं आयुष्य दिलं. सुरुवातीचा प्रश्न साधा होता: पोहण्याची लाट अंगभर कशी धावते? उत्तर मेरुरज्जूतल्या चेतापेशींच्या छोट्या जाळ्यात मिळालं. मग प्रश्न वर सरकला: पोहायचं की थांबायचं, उजवीकडे वळायचं की डावीकडे, हे ठरवतं कोण?

आपल्या मेंदूत ही निवड खोलवरच्या बेसल गँग्लिया नावाच्या गाठींमध्ये होते. शक्य असलेल्या सगळ्या हालचाली त्या रोखून धरतात आणि एका वेळी एकीलाच वाट मोकळी करून देतात. २०११ मध्ये ग्रिलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लॅम्प्रेमध्ये या गाठी तपशिलासकट हजर आहेत: त्याच प्रकारच्या पेशी, तीच रासायनिक द्रव्यं, त्याच जोडण्या, आणि त्यांना डोपामिन हे रसायन पुरवणारा पेशींचा तोच गट. २०१७ मध्ये श्रेयस सूर्यनारायण यांनी ग्रिलनर यांच्याबरोबर लॅम्प्रेच्या पॅलियमचा अभ्यास मांडला. आपल्यात ज्या भागातून मेंदूची बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स, घडते तोच हा भाग. त्यातही आत येणाऱ्या संवेदना घेणाऱ्या आणि बाहेर आज्ञा धाडणाऱ्या पेशींची मांडणी आपल्या बाह्यकेची आठवण करून देणारी निघाली. याखेरीज डोळ्यांकडून आलेलं चित्र घेणारा मध्यमेंदूचा टेक्टम, हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी, श्वास आणि हृदय सांभाळणारा मस्तिष्कपुच्छ, हेही सगळं तिथे आहे.

नाही काय, तेही सांगतो. लहान मेंदू असून नसल्यासारखा आहे. चेतातंतूंभोवती मायेलिनचं वेष्टन नाही. ते जबड्याच्या प्राण्यांबरोबर आलं. वेष्टनावाचून संदेश लवकर पोहोचवायचा तर तंतू जाड लागतो, आणि लॅम्प्रेकडे तसे राक्षसी तंतू आहेत. २०१६ मध्ये फुमिआकी सुगाहारा, शिगेरू कुराताणी आणि त्यांच्या जपानमधल्या सहकाऱ्यांनी मिक्झीनच्या कुळातल्या हॅगफिशच्या आणि लॅम्प्रेच्या भ्रूणांत आणखी खोल पाहिलं. लहान मेंदू ज्यातून घडतो त्या भ्रूणभागाच्या खुणाही त्यांना दोन्हींत सापडल्या. म्हणजे जबडा येण्याआधी आराखडा आपण समजत होतो त्याहून पूर्ण होता.

या आराखड्याचं मोल समजायला आपली नदी पुरेशी आहे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, उल्हास आणि बारवी गढूळ होऊन फुगल्या, की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ओढ्यांतून, वहाळांतून थेट भाताच्या खाचरांपर्यंत. हीच वलगण. बदलापूरच्या आसपासच्या गावांत लोक रात्री पाग आणि बत्त्या घेऊन निघतात, आणि हाती आलेल्या माशांची पोटं गाभोळीने भरलेली असतात. त्या माशाला पाण्याचा बदल कळतो तो वासाने, त्वचेवरून जाणाऱ्या दाबाने, तापमानाने. हा निरोप हायपोथॅलॅमसपर्यंत जातो, तिथून पीयूषिकेकडे, तिथून रक्तात, आणि अंडी पक्व होतात. युरोप-अमेरिकेतला समुद्री लॅम्प्रेही अंडी घालायला नदीत वर चढतो. कोणती नदी निवडायची हे तो वासावरून ठरवतो: गाळात राहणाऱ्या अळ्या पाण्यात जी पित्ताम्लं सोडतात त्यांच्या वासावरून. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या शरीरात जो निरोप फिरतो त्याचा मार्गही हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका हाच आहे. खाचरातला मासा, परदेशी नदीतला लॅम्प्रे आणि आपल्या घरातली मुलगी यांना जोडणारा हा धागा पाठ्यपुस्तकात तीन वेगळ्या प्रकरणांत तुटून पडतो.

इथे एका लोकप्रिय समजुतीशी मला स्पष्ट भांडायचं आहे. अमेरिकेचे पॉल मॅक्लीन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलं की आपला मेंदू तीन थरांचा आहे: तळाला सरपटणाऱ्या प्राण्याचा, त्यावर भावनांचा, सर्वांत वर विचारांचा. कार्ल सेगन यांच्या १९७७ च्या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली, आणि आज आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांतही ती आत्मविश्वासाने सांगितली जाते: राग आला की आपल्यातली मगर जागी होते. तुलनात्मक चेताशास्त्राने हे चित्र केव्हाच नाकारलं आहे. मगरीलाही पॅलियम आहे, माशालाही आहे, लॅम्प्रेलाही आहे. जुन्या मेंदूवर नवा मेंदू येऊन बसला, असं कधी घडलंच नाही. जे भाग होते तेच कुठे वाढले, कुठे आकसले, आतून विभागले गेले, एकमेकांशी नव्याने जोडले गेले.

उल्हासनगरच्या वाचकाला हे चटकन पटेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत उतरली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकी रिकाम्या करून, सपाट करून मग शहर बांधलं, असं झालं नाही. माणसं राहत होती, धंदे चालू होते, आणि त्याच वेळी भिंती सरकत होत्या, खोल्यांची दुकानं होत होती, माळे चढत होते. लष्कर जाऊन इतकी वर्षं झाली तरी पत्ता आजही कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असाच सांगतात. मेंदूलाही कधी सुट्टी मिळाली नाही. एकाही पिढीला श्वास, भूक, हालचाल बंद ठेवून नवी रचना करता आली नाही. म्हणून जुनी मांडणी टिकली.

जुनी मांडणी किती टिकली ते पाहायला मासळी बाजार गाठावा. मुशी, जिच्या मटणावर आगरी-कोळी आणि मालवणी घरांचा जीव आहे, ती म्हणजे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याची स्कोलिओडॉन. भारतातल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या या माशावर मेंदू शिकल्या. कवटी कूर्चेची असल्यामुळे धारदार पात्याने तिचे पातळ काप काढत खाली जायचं, आणि मेंदूतून निघणाऱ्या चेता एकेक करून मोकळ्या करायच्या. हात थोडा जड पडला की सातवी चेता गेलीच. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं थांबवली. प्राण्यांच्या दृष्टीने आणि घटत्या मुशीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, असं मला वाटतं. पण त्याबरोबर हातांनी शिकलेली एक गोष्ट गेली, आणि तिची भरपाई चित्रांनी होत नाही. म्हणून मुशीच्या चेतांचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे.

कारण मुशीच्या डोक्यात आपल्या चेहऱ्याचा नकाशा आहे. माशाच्या भ्रूणात घशाच्या दोन्ही बाजूंना कमानी तयार होतात आणि प्रत्येक कमानीला आपली चेता मिळते. पहिल्या कमानीतून जबडा झाला. तिची चेता पाचवी. दाढ दुखते तेव्हा कळ नेणारी चेता हीच. दुसऱ्या कमानीची चेता सातवी. मुशीत ती जबड्यामागच्या कमानीचे स्नायू हलवते. आपल्यात त्या कमानीचे स्नायू चेहराभर पसरले आणि हसू, रडू, कपाळावरची आठी त्यांच्या स्वाधीन झाली. कोणाच्या चेहऱ्यावरून वारं गेलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं, तर बहुतेक वेळा दुखावलेली असते ती ही दुसऱ्या कमानीची चेता. दहावी चेता मुशीत मागच्या कल्ल्यांना, हृदयाला आणि आतड्याला जाते. आपल्यात तिची एक फांदी स्वरयंत्राला जाते, पण सरळ जात नाही. डाव्या बाजूला ती छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत गळ्यात चढते. माशात हा मार्ग सरळच होता. मान लांबली, हृदय खाली गेलं, आणि चेता धमनीच्या पलीकडे अडकून पडली. जिराफात हा वळसा काही मीटरांचा होतो. नव्याने आखणी करणाऱ्या कोणीही ती अशी नेली नसती.

जबड्याच्या सांध्याची हाडं सस्तन प्राण्यांत कानात गेली, हे कार्ल रायशर्ट यांनी १८३७ मध्ये भ्रूणांवरून ओळखलं, डार्विन यांचं पुस्तक येण्याच्या २२ वर्षं आधी. त्याची गोष्ट पुस्तकात सविस्तर आहे.

जीवाश्मांचं काय, असा प्रश्न इथला विद्यार्थी हमखास विचारतो. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मलंगगड आणि माथेरानचे कडे त्याचेच. त्यात जुने मासे मिळायचे नाहीत. मात्र लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात मुंबईच्या वरळीच्या टेकडीवर छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज ती जात इंडोबॅट्रॅकस या नावाने ओळखली जाते. मेंदू मऊ, तो क्वचितच दगड होतो. पण कवटीची पोकळी दगडात राहते. स्वीडनचे एरिक स्टेन्शिओ यांनी स्पिट्सबर्गेन बेटांवरच्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जबडाहीन माशांच्या कवट्या थराथराने घासत नेल्या, प्रत्येक थराचं चित्र काढलं, आणि त्यावरून मेंदूची पोकळी आणि चेतांचे मार्ग उभे केले. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेलं ते काम पाहून आजही मान लवते. एकेक जीवाश्म कायमचा नष्ट होत होता, म्हणून नोंद चुकायला वाव नव्हता. आता तेच काम क्ष-किरणांनी, दगडाला धक्का न लावता होतं.

पाण्यातून जमिनीवर येणं, उभयचर, सरपटणारे प्राणी, हा टप्पा मी पुस्तकात भरभर ओलांडला आहे. मेंदूच्या बाबतीत तिथे घडलं ते मुख्यतः जोडण्यांचं काम. सस्तन प्राण्यांपाशी मात्र थांबावं लागतं. चीनमधल्या सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गानुकोडॉन आणि हॅड्रोकोडियम यांच्या कवट्यांचं चित्रण २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. सस्तन प्राण्यांचा मेंदू पहिल्यांदा वाढला तो मुख्यतः वासासाठी आणि केसांच्या मुळाशी जाणवणाऱ्या स्पर्शासाठी, असं त्यातून दिसलं. रात्री हिंडणाऱ्या, चिचुंदरीएवढ्या प्राण्यांना त्याचीच गरज होती. त्या काळाच्या जवळपासचे सस्तन प्राणी आपल्याकडेही होते: गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या पलीकडे, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोटा थरांतून कोटाथेरियमचा दात मिळाला आणि १९८१ मध्ये त्याची नोंद झाली. दात मिळाला, कवटी नाही. ती कधीतरी मिळावी.

पक्ष्यांनी दुसरीच वाट धरली. त्यांच्याकडे आपल्यासारखी सहा थरांची बाह्यक नाही, म्हणून कित्येक दशकं त्यांचा मेंदू हिणवला गेला. २००५ च्या सुमारास संशोधकांनी त्याच्या भागांची जुनी नावंच बदलली. रेव्हन या थोराड कावळ्याचा मेंदू जेमतेम १४ ग्रॅमचा, पण त्याच्या पॅलियममध्ये शंभर कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. गच्चीवर रोज येणाऱ्या कावळ्याकडे पाहताना हे ध्यानात असावं.

सहा थर घडतात कसे, या प्रश्नावर काम करणारी एक प्रयोगशाळा आपल्याच लोकलच्या टोकापलीकडे, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. शुभा टोळे यांच्या गटाने २००८ मध्ये उंदराच्या भ्रूणात दाखवलं की एलएचएक्स २ हे जनुक पेशींना बाह्यक होण्याची ओळख देतं. ते बंद पाडलं तर त्या पेशी वेगळ्याच कामाला लागतात: शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाची जागा, व्हायला लावतात. नको तिथे हिप्पोकॅम्पस उगवतो. त्याआधी, २००७ मध्ये, याच गटाने भ्रूणाच्या मेंदूत मागून निघून अमिग्डालाकडे जाणाऱ्या पेशींचा एक ओघ दाखवला आणि भीतीशी निगडित असलेला तो भाग बाह्यकेशी जन्मानेच जोडलेला आहे हे समोर आलं. भावना एका थरात आणि विचार दुसऱ्या थरात, ही वाटणी इथेही मोडते. बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे काम आपल्या आवाक्यातलं मानावं, अशी माझी कळकळ आहे.

माणसाचं प्रकरण मुद्दाम आटोपशीर ठेवलं आहे. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत; त्यांतल्या जवळपास ६९ अब्ज लहान मेंदूत आणि १६ अब्ज बाह्यकेत. हत्तीकडे एकूण पेशी आपल्या तिपटीइतक्या आहेत, पण बाह्यकेत सहा अब्जांहून कमी. शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा भाग हा दीड किलोहून कमी वजनाचा अवयव खातो. आपल्या नंदुरबारच्या काठाने पुढे वाहणाऱ्या नर्मदेच्या वरच्या अंगाला, हथनोरा इथे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये मानवी कवटीचा तुकडा मिळाला. तिचं आकारमान सुमारे ११५० ते १४२० घन सेंटीमीटर असावं असा अंदाज आहे, म्हणजे आजच्या माणसाच्या मोजमापात सहज बसणारं. एवढी वाढ झाली ती गेल्या वीस-तीस लाख वर्षांत. ५० कोटी वर्षांच्या हिशेबात ती अगदी अलीकडची घटना आहे, आणि पुस्तकातल्या पानांची वाटणी मी त्याच प्रमाणाच्या जवळ नेली आहे.

शेवटची दोन प्रकरणं आजारांवर आहेत, कारण हा इतिहास दवाखान्यापर्यंत येतो. कंपवाताच्या रुग्णाला उठायचं असतं, पाऊल टाकायचं असतं, आणि ते निघत नाही; बेसल गँग्लियांना मिळणारं डोपामिन आटलेलं असतं. २००८ मध्ये लॅम्प्रेच्या मेंदूतलं डोपामिन औषधाने घटवून पाहिलं, तेव्हा त्याचीही हालचाल मंदावली आणि पोहणं सुरू करणं त्याला अवघड झालं. मेरुरज्जूच्या बाबतीत मात्र तो आपल्याहून फार पुढे आहे. या पट्ट्यातल्या गर्दीच्या लोकलमधून पडून मेरुरज्जू दुखावलेला माणूस बहुतेकदा आयुष्यभर खाटेवर किंवा चाकाच्या खुर्चीत राहतो. लॅम्प्रेचा मेरुरज्जू पूर्ण कापला तरी दहा-बारा आठवड्यांत तो पुन्हा पोहू लागतो. सगळे तंतू जोडले जात नाहीत, जोडणी पूर्वीसारखी होत नाही, तरीही तो पोहतो. अमेरिकेतल्या वुड्स होल इथे जेनिफर मॉर्गन, ओना ब्लूम आणि सहकाऱ्यांनी या काळात कोणती जनुकं जागी होतात ते तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांतली कित्येक जनुकं आपल्यातही आहेत, आणि हातापायातली तुटलेली चेता आपण जोडतो तेव्हा ती कामालाही लागतात. ती आपल्या मेरुरज्जूत का जागी होत नाहीत, यावर आज काम चालू आहे, आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्याच कामाबद्दल आहे.